कोकणातल्या गावाचा मानवी भूगोल कसा अभ्यासावा

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. जवळजवळ १७ लाखांवरून ती सुमारे १६ लाख १५ हजारांवर आली आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या ११२२ निघाली. पुरुष पोटापाण्यासाठी मुंबईकडे गेले आहेत, एवढे या आकड्यांवरून समजते. मात्र गेलेल्या माणसाचे गावाशी नाते कशाने टिकते आणि त्याच्या जाण्याने गावातली जमीन, घरे व वाटा कशा बदलतात, हे आकडे सांगत नाहीत. त्याचा शोध घेणे हे मानवी भूगोलाचे काम आहे आणि आपल्या गावापुरते ते कोणालाही करता येते.

अभ्यासासाठी सबंध तालुका घेऊ नये. एकच महसुली गाव, त्याच्या सगळ्या वाड्यांसह, घ्यावे. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा जवळ असावा, पण प्रश्नावली पहिले दोन दिवस पिशवीतून बाहेर काढू नये. विद्यार्थी हटकून तिच्यापासूनच सुरुवात करतात आणि आधी ठाऊक होते तेच कागदावर उतरवून परत येतात. त्यापेक्षा खाडीच्या किंवा पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठापासून चढ धरून थेट सड्यापर्यंत, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारापर्यंत, पायी जावे आणि वाटेत लागेल ते क्रमाने टिपावे. बहुतेक गावांत खाली मळ्यातली भाताची खाचरे, त्यांच्या वर उताराला घरे आणि परसवे, त्यापुढे नाचणी-वरीची वरकस (हलकी, उताराची) जमीन आणि शेवटी उघडा कातळ असा क्रम दिसतो. पाणी धरणारी सपाट जमीन भातासाठी राखली गेली आणि घरे उतारावर चढली, हे चालता चालताच लक्षात येते.

कातळावर थोडे थांबावे. सरकारी कागदावर ही जमीन पडीक किंवा पोटखराबा (लागवडीस अयोग्य) असते. गावाच्या लेखी मात्र ती गुरांचे रान असते, घरांसाठी चिरा तेथूनच निघतो आणि जिल्ह्यातल्या कित्येक सड्यांवर प्राचीन कातळशिल्पे आहेत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, कारण सच्छिद्र जांभा दगड आणि तीव्र उतार पाणी फार काळ धरून ठेवत नाहीत. त्याच कातळात सुरुंगाने खड्डे पाडून, बाहेरून माती आणून लोकांनी हापूसच्या बागा उभ्या केल्या. जर्मन भूगोलतज्ज्ञ फ्रीडरिश रात्झेल (१८४४–१९०४) यांनी माणसाच्या जीवनावरील निसर्गाच्या प्रभावावर भर दिला. फ्रान्सचे पॉल व्हिदाल द ला ब्लाश (१८४५–१९१८) यांच्या मते निसर्ग शक्यता पुढे ठेवतो आणि निवड माणूस करतो. मला दुसरे मत अधिक पटते, परंतु त्याला एक पुस्ती जोडावी लागते: निवड करण्याचा अधिकार गावात सर्वांना सारखा कधीच नव्हता.

म्हणून प्रत्येक वाडीपासून बारमाही विहिरीचे अंतर स्वतःच्या पावलांनी मोजावे आणि ती विहीर कोणी, केव्हा बांधली हे विचारून घ्यावे. वाड्यांची नावे बहुधा जातींवरून पडलेली असतात. अशी नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२० साली घेतला. त्यामुळे कागदावरचे जुने नाव, नवे नाव आणि तेथले रहिवासी स्वतः सांगतात ते नाव, अशी तिन्ही नोंदवावीत व नकाशावर रहिवाशांचेच वापरावे. खोती, म्हणजे खोतामार्फत गावाचा सारा वसूल करण्याची पद्धत, १९४९ च्या कायद्याने गेली, तरी ‘ही जमीन पूर्वी कोण कसत होते?’ हा प्रश्न आजही नाजूक आहे. तो चारचौघांत न विचारता घरी बसून, ओळख झाल्यावर विचारावा आणि उत्तर देणाऱ्याचे नाव वहीत लिहू नये. सातबारा उतारा मात्र उघड कागद आहे. त्यावरच्या सामाईक खात्यात पंधरा-वीस नावे असतील, तर त्यांतली किती माणसे गावात राहतात हे ताडून पाहावे.

यानंतर बंद घरे मोजावीत. या कामाला मी सर्वांत जास्त वेळ देतो. कुलूप दिसले की ‘रिकामे घर’ असे लिहून पुढे जाऊ नये. अंगण सारवलेले आहे का, तुळशीला पाणी घातलेले आहे का, पावसाळ्याआधी पडवीला झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या) लावले आहेत का, विजेचा मीटर चालू आहे का, हे नीट पाहावे. मग शेजारी जाऊन विचारावे की या घराची किल्ली कोणाकडे असते. किल्ली भावकीत असेल, दुसऱ्या वाडीतल्या विश्वासाच्या माणसाकडे असेल किंवा मुंबईलाच गेलेली असेल. प्रत्येक उत्तरातून गावाशी असलेला वेगळा संबंध कळतो. कोणाकडेच किल्ली नाही आणि कौले खाली आली आहेत, अशी घरे वेगळ्या रंगाने दाखवावीत. हीच फेरी एकदा मे महिन्यात आणि एकदा गणपतीत किंवा शिमग्यात करावी. पालखी कोणाच्या अंगणात थांबते आणि त्या दिवसासाठी कोणते कुलूप उघडते, हे वर्षाच्या इतर दिवशी कळणार नाही.

गावाचा दुसरा भाग मुंबईत असतो आणि तो पाहिल्याशिवाय अभ्यास अर्धाच राहतो. गिरणगावात, म्हणजे कापडगिरण्यांच्या भागात, एका गावची माणसे एकाच खोलीत राहत आणि गावी मनीऑर्डर पाठवत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर यांतले कोण गावी परतले, कोण विरार, नालासोपारा किंवा डोंबिवलीकडे सरकले, हे मुंबईतल्या गावकऱ्यांच्या ग्रामस्थ मंडळाच्या जुन्या सभासदांकडून समजू शकते. मंडळाची वर्गणीची वही पाहायला मिळाली, तर गावातल्या देवळाचे छप्पर आणि शाळेची खोली कोणाच्या पैशांतून उभी राहिली हेही सापडते.

अखेरचा नकाशा एकाच कागदावर काढावा: डावीकडे मुंबईतल्या वस्त्या, उजवीकडे गावातल्या वाड्या, आणि मध्ये किल्ली, वर्गणी व सणाची ये-जा दाखवणाऱ्या रेघा. तो पेन्सिलनेच काढावा, ग्रामपंचायतीत सर्वांसमोर वाचून दाखवावा आणि विहिरींची, वाटांची, पाणंदींची नावे लोक दुरुस्त करतील तशी तेथेच खोडून लिहावीत. त्याची एक प्रत गावात ठेवून यावे.