सातबाऱ्यावर नाव सापडलं म्हणजे पणजोबा सापडले असं नव्हे: या चुका टाळा

२०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि बऱ्याच जिल्ह्यांनी जुन्या कागदांचे स्कॅन आपापल्या संकेतस्थळावर टाकले. तेव्हापासून घरोघरी वंशावळीचं काम निघालं आहे. हौस चांगली, पण चुका त्याच त्या. रविवारी मोबाइलवर दोन तास शोधाशोध, एक नाव जुळलं की रात्री कुटुंबाच्या ग्रुपवर सात पिढ्यांचं झाड. ते झाड पुढे तीन चुलत घरांत छापून भिंतीवर लागतं आणि मग कुणाच्या बापाला दुरुस्त करता येत नाही.

एक नाव म्हणजे एकच माणूस धरणं

ही सगळ्यांत मोठी चूक. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आहे. त्यामुळे ‘तुका बिन राणू’, ‘राणू बिन तुका’, पुन्हा ‘तुका बिन राणू’ अशी साखळी चालते. त्यात कोतवाल बुकात (गाव नमुना १४, गावची जन्म-मृत्यूची नोंदवही) आडनाव बहुतेकदा नसतंच. बापाचं नाव आणि जात, एवढ्यावर काम भागवलेलं.

असंच एक झाड तपासायला आलं होतं, त्याचा नमुना बघा (नावं बदलली आहेत). हाताशी तीन कागद. १८८७ च्या कोतवाल बुकात ‘राणू तुका यास मुलगा झाला’ एवढीच नोंद. १८९९ च्या मृत्यूनोंदीत ‘तुका बिन राणू, वय ६०’. आणि १९१२ च्या फेरफारात (जमिनीच्या हक्कबदलाची नोंद) ‘तुका राणू याने जमीन गहाण दिली’. झाड काढणाऱ्याने एकच तुका धरला. मग १८९९ साली मेलेला माणूस १९१२ साली जमीन गहाण कशी ठेवतो? यावर त्याचं उत्तर तयार होतं: कोतवालाने चुकीची नोंद केली असणार. कोतवाल चुकत नाही असं नाही, पण आपलं झाड वाचवायला कोतवालाला खोटं पाडणं हा आळस झाला. खरी गोष्ट सरळ होती. १८९९ ला आजोबा गेले. १९१२ ला गहाणखत करणारा हा नातू, म्हणजे १८८७ ला जन्मलेला तोच बिननावाचा मुलगा, तेव्हा पंचवीस वर्षांचा. जन्मनोंदीत नाव नव्हतं कारण तेव्हा बारसंच झालेलं नव्हतं. कोतवाल बुकातल्या जन्मनोंदी बहुधा अशाच असतात, नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. दोन तुका एक केल्याने दोन्ही राणूही एक झाले, मधल्या दोन पिढ्या उडाल्या आणि आजोबांच्या लेकी नातवाच्याच लेकी होऊन बसल्या.

उपाय म्हणून आमची सवय अशी: प्रत्येक कागदाला एक चिठ्ठी. कागदावर नाव जसं लिहिलंय तसंच, गाव, जमिनीचा नंबर, साल, वय, बायकोचं किंवा भावाचं नाव. नावाखेरीज दोन खुणा जुळल्याशिवाय दोन चिठ्ठ्या एकत्र करायच्या नाहीत. तोवर तुका (१), तुका (२), तुका (३) असे आकडे. बाप-लेकाच्या वयात पंधरापेक्षा कमी किंवा पन्नासपेक्षा जास्त वर्षं निघाली की थांबायचं. हे कंटाळवाणं आहे. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी सरळ कादंबरी लिहावी.

सातबारा वरवर वाचणं

महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर दिसणारा सातबारा आजचा आहे, तो इतिहास नाही. इतिहास फेरफारात असतो. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात आकडा असतो, तो फेरफाराचा नंबर. कंसात टाकलेलं नाव म्हणजे त्या माणसाचा हक्क संपलेला. तो मेला असेल किंवा त्याने जमीन विकली असेल, ते फेरफार वाचल्यावरच कळतं. ‘आपले अभिलेख’ या पोर्टलवर स्कॅन झालेले जुने सातबारे आणि फेरफार मिळतात. तिथे नसले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोर्ट फी तिकीट लावून नकलेचा अर्ज करायचा. पोर्टलवर नाही म्हणजे कागदच नाही, असा निष्कर्ष काढू नका.

मग येतात आखूड शब्द. यांनी जितकी झाडं मोडलीत तितकी वाळवीनेही मोडली नसतील. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लावलेलं असतं आणि धाकटे तीन भाऊ कागदावर दिसतच नाहीत. नवशिका लिहून मोकळा होतो: ‘एकुलता एक’. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता. वारस लहान असल्याने त्याच्यापुढे आई, चुलता नाहीतर मामा लागलेला असतो. त्या पालकालाच बाप धरून मामाचं अख्खं घराणं आपल्या झाडात आणल्याची उदाहरणं आहेत. ‘सगुणा भ्र. राणू’ यातला ‘भ्र.’ भ्रतार, म्हणजे सगुणा ही राणूची बायको. भ्राता समजून तिला बहीण करू नका. जुन्या कागदात याच जागी ‘कोम’ किंवा ‘जौजे’ दिसेल. ‘बिन’ आणि ‘वलद’ हे दोन्ही मुलगा दाखवतात.

वारस फेरफारात मुलींची नावं नाहीत म्हणून मुली नव्हत्या असं होत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी त्यांची नावं क्वचितच लागत. त्या शोधायच्या तर कोतवाल बुकातच.

नंबराचा घोळ वेगळाच. आजोबांच्या खरेदीखतात सर्व्हे नंबर ४२ असतो, पोरं महाभूलेखवर ४२ टाकतात आणि भलत्याचीच जमीन निघते. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर ज्या गावांत एकत्रीकरण झालं तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या पत्रकात बसतो. सर्व्हे नंबराचे हिस्से कसे पडले ते फाळणीबारात दिसतं. आधी हा मेळ बसवा, मग वाडवडिलांची जमीन कुणी लाटली त्याच्या चर्चा करा.

सन बघून थेट कॅलक्युलेटर उघडणं

कागदावर ‘सन १२८४’ दिसलं की नवशिका नेटवरच्या हिजरी परिवर्तकात घालतो आणि १८६७ काढतो. महसुली कागद असेल तर तो फसली सन (शेतसाऱ्याच्या हिशेबाचं वर्ष) असण्याचीच शक्यता जास्त आणि फसली १२८४ म्हणजे १८७४-७५. सात वर्षांचा फरक पडतो, तेवढ्यात एक मूल शाळेत जातं. मराठी मुलखातल्या फसलीत मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ५९१. मराठवाड्यातल्या निजामी कागदांत फसली वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू होतं, तेव्हा महिना बघितल्याशिवाय बेरीज करू नका. शकात ७८, वर्षअखेरीच्या पौष-माघ-फाल्गुनात बहुधा ७९. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. त्यात जानेवारीसाठी ६०० मिळवले की १७६१, पानिपतचं साल. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९.

वहीत मूळ सन आधी लिहा, इसवी सन शेजारी कंसात. उलटं करू नका, आकडेमोड चुकली तर परत जायला मूळ आकडा लागतो.

बाकीच्या, थोडक्यात

१ जून ही जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर असेल तर ती गुरुजींची आहे, आजोबांची नव्हे. मूल शाळेत घालायला वय बसावं म्हणून टाकलेली. साल अंदाजाने धरा, तारीख सोडून द्या.

पाटील, कुलकर्णी, देशमुख ही वतनं, म्हणजे पिढीजात हक्काची कामं. ‘अमुक पाटील’ लिहिलंय म्हणून आडनाव पाटील असेलच असं नाही आणि वतन भावकीत फिरतं.

जिल्हा आजचा धरू नका. मालवणच्या घराण्याचे १९८१ च्या आधीचे कागद रत्नागिरीच्या नावाने आहेत, लातूरचे १९८२ च्या आधीचे उस्मानाबादच्या नावाने, पालघरचे २०१४ पर्यंतचे ठाण्याच्या. गाव संस्थानात असेल, सावंतवाडी, भोर, औंध, कोल्हापूर, तर दप्तरच वेगळं.

मोडी येत नसेल तर वाचणाऱ्याकडे जा किंवा शिका. मोबाइलने वाचून दाखवलेल्या मोडीवर झाड उभं करू नका. ओळ आधी आखून अक्षरं तिला सलग टांगलेली असतात, शब्द तोडलेले नसतात, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ नसतं. त्यात आखूड लेखन. जुन्या कागदातला ‘ता।’ हा बहुधा तर्फ (परगण्याचा पोटभाग) असतो, लोक सर्रास तालुका वाचतात.

कुलवृत्तांत, म्हणजे घराण्यांचे छापील इतिहास, जरूर पाहा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याचं नगर वाचन मंदिर, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय अशा जुन्या ग्रंथालयांत विचारणा करा. पण त्यातली माहिती घरोघरून पत्रांनी मागवलेली असते, तेव्हा मूळपुरुषाजवळची पानं कुणाच्या तरी आठवणीवर उभी आहेत हे ध्यानात ठेवा. छापील आहे म्हणून ती पुरावा होत नाही. वंशावळीच्या संकेतस्थळांवरची तयार झाडं तर उसनीच. एकाने चूक केली की दहा जण ती उतरवतात.

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांकडे नामावळ (यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नावांची वही) बघायला जाताना मूळ गाव, आडनाव आणि आजोबा-पणजोबांची नावं घेऊन जा. ‘आमचं सगळं दाखवा’ म्हणून उभं राहिलात तर गुरुजींचाही वेळ जातो. हरिद्वारच्या पंड्यांच्या बऱ्याच वह्यांची चित्रं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर आहेत, मात्र तिथे नावाने शोध लागेल अशी आशा धरू नका, पानं उलटावी लागतात.

पुण्याच्या पुराभिलेखागारातही तेच. तिथले रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आडनावावर लावलेले नाहीत. शाहू दफ्तर, घडणी, प्रांत अजमास अशा दप्तरांनी लावलेले आहेत. तेव्हा आधी आपलं गाव कोणत्या प्रांतात, परगण्यात, तर्फेत होतं ते काढा आणि मागणीपत्रात दप्तराचं नाव लिहा. ओळखपत्र आणि कामाचा हेतू सांगणारा अर्ज सोबत ठेवा. पेन खिशातच राहू द्या, टिपणं पेन्सिलीने. छायाचित्राची परवानगी मिळाली तर आधी रुमालावरची चिठ्ठी टिपा, मग पूर्ण पान, मग आपल्या ओळी. बरेच जण फक्त आपल्या दोन ओळी टिपतात आणि महिन्याने तो फोटो कोणत्या रुमालातला ते कुणालाच सांगता येत नाही.