औषधाचं नाव शेवटी: नागपुरात कीड-रोगांचा अभ्यास करताना

वावरातली एखादी वाळकी फांदी हातात धरून शेतकरी समोर उभा राहतो आणि विचारतो, "काय मारू वं पोरी?" कृषी पदवीचं शेवटचं वर्ष गाठलेल्या बहुतेक पोट्ट्यांकडे याचं उत्तर तयार असतं. दुखणं तिथंच आहे. कीटकशास्त्र आणि वनस्पती रोगशास्त्र या दोन विषयांचा अभ्यास असा करायचा, की औषधाचं नाव आपल्या तोंडून सगळ्यात शेवटी निघालं पाहिजे. त्याच्या आधी काय काय करायचं, ते इथं सांगते. मी काटोलकडची. घरी संत्र्याची बाग, शिक्षण नागपूरच्या कृषी महाविद्यालयात, एम.एस्सी. वनस्पती रोगशास्त्रात.

नागपुरात शिकत असाल तर आधी आपली चैन ओळखा. १९०६ पासूनचं हे कॉलेज शहराच्या पार मध्यात, महाराजबागेला लागून आहे. (बागेतलं प्राणिसंग्रहालयही आपल्याच विद्यापीठाचं, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं. घरच्यांना हे सांगितलं की त्यांना आपल्या शिक्षणापेक्षा वाघाचंच जास्त कौतुक वाटतं.) वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था. कपाशी आणि संत्रा या दोन पिकांचे देशपातळीवरचे शास्त्रज्ञ एकाच शहरात आहेत. तिथल्या शिवारफेऱ्या आणि शेतकरी मेळावे सोडू नका. व्याख्यानापेक्षा मेळाव्यात शेतकऱ्यांनी विचारलेले प्रश्न ऐका आणि उतरवून घ्या.

खरेदी दोनच वस्तूंची

दहापट मोठं दाखवणारं हातभिंग आणि जाड पुठ्ठ्याची वही. भिंग बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मिळतं. फोनने फोटो काढा, पण फोटोवर विसंबू नका. पानाच्या मागच्या बाजूचा कोळी किंवा फुलकिड्याचं पिल्लू फोटोत नुसता ठिपका दिसतो, भिंगाखाली त्याचे पाय हलताना दिसतात.

वहीत दर नोंदीला तारीख, गाव, पीक, वाण, पिकाचं वय, मागच्या आठवड्यातला पाऊस, आधी काय फवारलं आणि शेवटी लक्षण. फवारणीचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. शेतकरी सांगायला कचरला तर बांधावर पडलेल्या रिकाम्या बाटल्या बघा.

बघण्याचा क्रम

पानाला हात लावण्याआधी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून पूर्ण वावर बघायचं. रोगट झाडं ठिगळाठिगळात आहेत की सगळीकडे सारखी? सखल भागात, जिथं पाणी साचतं, तिथं जास्त आहेत का? एका सरळ ओळीत आहेत का? सरळ ओळ बहुतेक वेळा माणसाचं काम असतं: फवारणीचा पट्टा, खताची ओळ, शेजारच्या वावरातून उडून आलेलं तणनाशक. कीड किंवा बुरशी दोरी लावून चालत नाही.

मग झाड. शेंड्यापासून खाली, नवं पान आधी आणि जुनं नंतर, आणि शेवटी मूळ. झाड उपटायला जीव होत नाही, पण उपटल्याशिवाय निदानही होत नाही. सुकलेली तूर दिसली की खोड उभं चिरा. आत तपकिरी-काळ्या रेघा आणि बाहेर बुडापासून वर चढलेला जांभळट पट्टा असेल तर तो फ्युजेरियम उडम बुरशीचा मर रोग. सोयाबीनचा वरचा भाग वाळला आणि खोडावर दोन गोल चकत्या कोरलेल्या दिसल्या की चक्रीभुंगा. चकत्या नाहीत, पण खोड चिरल्यावर आत लालसर नागमोडी पोकळी आहे, तर खोडमाशी. वांगं किंवा टमाटं हिरवं असतानाच माना टाकत असेल तर खोडाचा तुकडा काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरा. कापलेल्या टोकातून पांढऱ्या धुरासारखी रेघ खाली उतरली तर तो जिवाणूजन्य मर. याला प्रयोगशाळाही लागत नाही.

सारखी दिसणारी लक्षणं

परीक्षेत आणि वावरात, दोन्हीकडे फजिती इथंच होते, म्हणून इथं थोडं थांबते.

कपाशीची पानं लाल झाली. तुडतुड्यांनी रस शोषला असेल तर पानाच्या कडा आधी पिवळ्या पडून खाली वळतात, मग लाल होतात, आणि पान उलटलं की तिरके पळणारे हिरवट तुडतुडे सापडतात. मॅग्नेशियम कमी पडलं तर जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात, मधला भाग लाल होतो आणि पानामागे कोणी नसतं. पहिल्यात कीटकनाशकाचा विचार करता येतो, दुसऱ्यात तो खर्च मातीत जातो.

कपाशीचीच पानं भेंडीच्या पानासारखी चिरून लांबट, निमुळती झाली की पुस्तक वाचून आलेला पोरगा "लीफ कर्ल व्हायरस" म्हणून मोकळा होतो. तो विषाणू मुख्यतः पंजाब, हरियाणा, राजस्थान या पट्ट्यातल्या कपाशीचा. आपल्याकडे असं पान दिसलं तर आधी विचारा, "काकाजी, हाच पंप तणनाशकाला वापरला होता का?" २,४-डी या तणनाशकाला कपाशी इतकी नाजूक आहे, की नीट न धुतलेल्या पंपातला अंशही तिला पुरतो.

संत्र्यात ग्रीनिंग हा जिवाणूजन्य रोग आणि जस्ताची कमतरता यांचा घोळ नेहमीचा. पान उजेडाकडे धरा आणि मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू ताडून बघा. पिवळेपणा दोन्हीकडे सारखा असेल तर जस्त कमी. एकीकडे एक, दुसरीकडे भलतंच, असे वेडेवाकडे डाग असतील तर ग्रीनिंगचा संशय धरायचा आणि सिट्रस सायला ही कीड शोधायची, कारण या रोगाचा जिवाणू तीच पसरवते. खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते. नुसतं पान बघून कोणाला झाडं तोडायला सांगू नका.

आणि कोळशी, म्हणजे पानांवर चढणारी काळी बुरशी. बाग काळी पडली की लोक बुरशीनाशक आणतात. काळी बुरशी पानावर फक्त वस्तीला आलेली असते. तिला काळ्या माशीच्या पिल्लांनी टाकलेला गोड चिकट स्राव मिळालेला असतो. माशीचा बंदोबस्त केला नाही तर बुरशी पुन्हा येणारच.

मोजल्याशिवाय बोलू नका

"लय कीड आहे" हे निरीक्षण नाही. एकरी २० झाडं घ्या, वावरात नागमोडी चाला आणि प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं आणि खालचं असं एकेक पान तपासा. कपाशीत पानामागे २ ते ३ तुडतुडे, किंवा १० मावा, किंवा १० फुलकिडे सरासरी आले तर आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे फवारणीचा खर्च परवडेल इतकी कीड, गाठली म्हणायची. त्याच्या खाली असेल तर थांबा आणि मित्रकीटक मोजा. ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्ड भुंगेऱ्याची, काळी-नारिंगी काटेरी अळी ओळखायला शिका. ती दिवसभर मावा खाते आणि लोक तिलाच कीड समजून मारतात.

गुलाबी बोंडअळीला नुसतं बघून चालत नाही. अळी बोंडात शिरते, शिरल्याचं भोक बुजतं आणि बोंड बाहेरून ठणठणीत दिसतं. म्हणून २० हिरवी बोंडं फोडायची. दोन किडकी निघाली की झाले १० टक्के, हीच तिची पातळी. फुलोऱ्यात डोमकळ्या, म्हणजे न उमलता गुलाबकळीसारखी मिटून राहिलेली फुलं, शोधा. कामगंध सापळ्यात (तो मादीच्या वासाने नर पतंगाला ओढतो) सलग तीन रात्री रोज ८ पतंग आले तरी सावध व्हायचं. बोंडं फोडताना शेतकऱ्याची परवानगी घ्या, ती त्याची मजुरी आहे.

जीवनचक्र पाठ कशाला करायचं

अंडी, अळी, कोष, पतंग, प्रत्येकाचे दिवस. हे घोकून मार्क पडतात, पण प्रत्येक टप्प्यापुढे एक प्रश्न लिहिला तर घोकावं लागत नाही: इथं ही कीड कुठं लपलेली असते आणि तिच्यापर्यंत पोचायचं कसं? गुलाबी बोंडअळी हंगाम संपल्यावर सरकीत आणि वाळक्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते. एवढं कळलं की फरदड (हंगाम संपल्यावरही तीच कपाशी राखून घेतलेलं पीक) का घ्यायची नाही, पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचे, ढीग बांधावर का ठेवायचे नाहीत, जिनिंगच्या आवारात सापळे का लावतात, हे सगळं आपोआप सुचतं. २००२ मध्ये बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेली कपाशी, आला, २००६ मध्ये दोन जनुकांचा बोलगार्ड-२ आला, आणि तरी २०१७ च्या हंगामात विदर्भात या अळीने बोंडं पोखरली. उत्तरपत्रिकेत या घटनाक्रमाचं कारण लिहिता आलं, तर तो धडा समजला असं माना.

संत्र्यातला रस शोषणारा पतंग हे माझं आवडतं उदाहरण. फळाला टाचणीएवढं छिद्र, भोवती मऊ डाग, मग फळगळ. दिवसा बागेत गेलं तर पतंग दिसत नाही, अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन जावं लागतं. आणि त्याची अळी संत्र्यावर नसतेच, ती गुळवेल, वासनवेल अशा वेलींवर वाढते. म्हणजे फळाचा शत्रू धुऱ्यावर पोसला जातो. हे माहीत असलेला माणूस आधी धुरा बघतो.

प्रयोगशाळा

बुरशी वाढवायच्या पीडीए माध्यमाचं प्रमाण (एक लिटरला बटाटा २०० ग्रॅम, डेक्स्ट्रोज २० ग्रॅम, अगार २० ग्रॅम) आणि दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हचं १२१ अंश, १५ पौंड सगळ्यांना पाठ असतं. तरी अर्ध्या वर्गाच्या प्लेटांत भलत्याच बुरश्या उगवतात, कारण डागाच्या मधला मेलेला भाग घेतलेला असतो. तिथं आयत्या बिळावरचे नागोबा बसलेले असतात. तुकडा निरोगी आणि रोगट भागाच्या सीमेवरून कापायचा, अर्धा हिरवा, अर्धा तपकिरी. एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवायचा, निर्जंतुक पाण्यात तीनदा धुवायचा, टिपकागदावर कोरडा करायचा, मगच प्लेटमध्ये. बुरशी वाढली म्हणजे रोगकारक सापडला असं नाही. ती निरोगी रोपावर सोडून तोच रोग येतो का आणि त्यातून तीच बुरशी परत मिळते का, हे बघितल्याशिवाय कॉखची तत्त्वं, म्हणजे रोगकारक सिद्ध करण्याचे नियम, पुरी होत नाहीत.

कीटक संग्रह

सबमिशनच्या आदल्या आठवड्यात हॉस्टेलच्या दिव्याखालचे किडे गोळा करणाऱ्यांच्या पेट्या मास्तर लांबूनच ओळखतात. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर दिवेलागणीला कडुनिंब आणि बाभळीखाली जा, हुमणीचे भुंगेरे तिथं जमलेले असतात. भाजीसाठी कॉटन मार्केटात जा आणि किडकी वांगी मुद्दाम मागून घ्या. भाजीवाली आधी चमकेल, मग फुकट देईल. बरणीला मलमलीचं कापड बांधून त्यातली अळी पतंग होईपर्यंत पोसा. भाड्याच्या खोलीच्या गॅलरीत लिंबाची किंवा कढीपत्त्याची कुंडी असेल तर लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या घरबसल्या येतील. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात.

भुंगेऱ्याला टाचणी उजव्या पंखकवचातून टोचा, ढेकणाला पाठीवरच्या त्रिकोणातून, पतंगाला छातीच्या मधोमध. अळ्या ७० टक्के अल्कोहोलात. ठिकाण, तारीख आणि कोणत्या पिकावर सापडला, ही चिठ्ठी नसेल तर तो किडा बिनकामाचा. उन्हाळ्यात पेटी कुलरच्या झोतात ठेवू नका, दमट हवेने बुरशी चढते.

आता औषध

बोर्डो मलम स्वतःच्या हाताने करा: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचं. चाकूचं पातं बुडवून बघा, तांबूस झालं तर चुना कमी पडला. संत्र्याच्या डिंक्यासाठी, म्हणजे खोडातून डिंक गळणाऱ्या रोगासाठी, पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला हा मलम लागतो. पण पाणी साचणाऱ्या काळ्या मातीत बुंधा ओला राहत असेल तर मलम किती पुरणार? आधी चर काढा आणि खोडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं करा. निंबोळ्या जूनमध्ये नागपूरच्या रस्त्यांवर फुकट पडलेल्या असतात. ५ किलो कुटून रात्रभर भिजवा, गाळून १०० लिटर पाणी करा, ५ टक्के अर्क झाला.

रासायनिक औषधांची यादी व्यापारी नावाने पाठ करू नका. सक्रिय घटक आणि त्याचा गट शिका, नाहीतर नाव बदलून तोच गट पुन्हा पुन्हा फवारला जातो आणि किडीत प्रतिकारशक्ती तयार होते. डब्यावरचा रंग वाचा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्याच विदर्भात घडलं. म्हणून सल्ल्याच्या चिठ्ठीवर मात्रा लिहाल तिथंच हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याच्या दिशेने फवारणी आणि शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात सोडायचे दिवस हेही लिहा. सातव्या सत्रात कृषीदूत-कृषीकन्या म्हणून गावात राहायला जाल तेव्हा अशा चिठ्ठ्यांची एक प्रत आपल्या वहीत ठेवा, आणि दहा-बारा दिवसांनी त्याच वावरात परत जाऊन तीच २० झाडं मोजा. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक बहुधा हेच विचारतात: फवारल्यावर आकडा किती आला?