संग्रहालयाच्या सहलीला मोबाइल नेताना : तयारीची यादी

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात सातवीच्या ४५ मुलांचा वर्ग न्यायचा आहे, असे धरून ही यादी केली आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या २०,००० हून अधिक वस्तूंपैकी थोड्याच मांडलेल्या आहेत, तरी दिवे, अडकित्ते, भांडी, दारे आणि वाद्ये यांनी दालने गच्च भरलेली आहेत. इथे मोबाइलचे काम एकच : या दाटीतून मुलाची नजर एका वस्तूवर थांबवणे. हे आधी ठरवले नाही, तर मूल काही न पाहता ढीगभर फोटो घेऊन घरी जाते.

साधारण १५ दिवस आधी दोन शिक्षकांनी पाहणी करून यावे. गटासाठी सोयीची वेळ, फोटो काढण्याचे नियम आणि शुल्क, दप्तरे ठेवायची जागा हे तिकीटखिडकीवर विचारून लिहून घ्यावे. नियम बदलत असतात, मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नये. मग १२ वस्तू निवडाव्यात. निवडताना वस्तूइतकेच तिच्यासमोरच्या जागेकडे पाहावे. वाट न अडवता पाच मुले उभी राहू शकत नसतील, तर ती वस्तू कितीही सुंदर असली तरी सोडावी. प्रत्येक ठिकाणी दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमवर एखादे पान प्रत्यक्ष उघडून पाहावे, नुसत्या रेघांवर विश्वास ठेवू नये. नेटवर्क चांगले मिळाले तरी सगळी सामग्री फोनमध्ये आधीच भरून न्यावी, कारण दहा फोन एकाच वेळी एकच फाइल ओढू लागले की पहिली दहा मिनिटे गोल फिरणारे चक्र बघण्यात जातात.

बारा वस्तूंची बारा ध्वनिमुद्रणे मुलांनीच मराठीत करावीत, प्रत्येकी ६० ते ९० सेकंदांची. इतिहासाने सुरुवात करू नये. पहिले वाक्य नजर वळवणारे असावे : ‘अडकित्त्याच्या मुठीकडे बघ, ती कशाच्या आकाराची आहे?’ मग पाच सेकंद शांतता, मग माहिती. मुद्रण करताना वर्गातला पंखा बंद ठेवावा. त्याची घरघर संग्रहालयाच्या गलबल्यात मिसळली की शब्द कळत नाहीत. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरावा, म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’ उच्चारताना माइकवर फुंकर बसत नाही. एका वाहिनीच्या (मोनो) ६४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट, मुद्रणात ९० सेकंदांची फाइल सुमारे ७०० केबीची होते, म्हणजे बारा मिळून नऊ एमबीच्या आत. फाइलच्या नावाआधी ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक द्यावेत, नाहीतर काही फोनांत १ नंतर १० येतो आणि गट भलत्याच वस्तूपुढे उभा राहतो.

वाद्यांच्या दालनासाठी मात्र जास्त वेळ राखून ठेवा, कारण मोबाइल सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो इथेच. काचेआडचे वाद्य मुके असते. पाहणीत दिसलेल्या चार वाद्यांचे प्रत्येकी ३० सेकंदांचे आवाज वादकाकडून किंवा संगीतशिक्षकांकडून मुद्रित करून घ्यावेत. आधी मुलांनी वाद्य पाहून अंदाज करायचा : तारा छेडायच्या की गजाने वाजवायचे, भोपळा कशासाठी, कातडे कुठे ताणले आहे. आवाज त्यानंतर ऐकायचा. हा क्रम उलटला तर मुले वाद्याकडे बघतच नाहीत.

क्यूआर कोड वापरायचे असतील तर ते मुलांच्या गळ्यातल्या कार्डावर छापावेत, संग्रहालयाच्या काचेवर किंवा भिंतीवर काहीही चिकटवू नये. नेटशिवाय चालायला कोडमध्ये दुवा न घालता थेट मजकूर घालावा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, मजकूर वाढला की चौकोन बारीक होतात आणि कमी उजेडात वाचले जात नाहीत. एका छोट्या प्रश्नापुरताच मजकूर ठेवावा.

पाच मुलांना एक याप्रमाणे नऊ फोन, आणि एक जास्तीचा. पालकांचे फोन घेणार असाल तर लेखी संमती घ्या आणि फोनमध्ये ‘गेस्ट’ वापरकर्ता सुरू करा, म्हणजे घरचे फोटो आणि पैशांची अ‍ॅप मुलांपुढे उघडत नाहीत. मालकाच्या खात्यात भरलेल्या फाइली गेस्टमध्ये दिसत नाहीत, म्हणून ध्वनिफिती गेस्टमध्ये जाऊनच भराव्यात. काही फोनांत ही सोयच नसते. तिथे अ‍ॅप पिन करण्याची, म्हणजे पडद्यावर एकच अ‍ॅप अडकवून ठेवण्याची सोय वापरावी. आदल्या रात्री पूर्ण चार्ज, दोन जीबी मोकळी जागा, तारीख-वेळ आपोआप ठरणारी, विमान मोड चालू, फ्लॅश बंद. १०,००० एमएएचची पॉवर बँक प्रत्यक्षात ५,००० एमएएचचा फोन एकदाच पूर्ण भरते, त्यामुळे दोन न्याव्यात, केबली टाइप-सी आणि जुन्या मायक्रो अशा दोन्ही. ब्लूटूथ इयरफोन टाळा. एका खोलीत दहा जोड्या जुळवताना हमखास घोळ होतो. तारेचे इयरफोन आणि दोघांना ऐकता येईल असा जोड पुरेसा, मात्र अनेक नव्या फोनांना गोल जॅक नसतो, तेव्हा तो आधी बघून घ्या.

फोटोंची मर्यादा प्रत्येक गटाला बारा वस्तूंचे २४ : आधी माहितीच्या पाटीचा, मग वस्तूचा. पाटीचा फोटो नसेल तर वर्गात परतल्यावर दोन दिव्यांतला फरक कोणालाच सांगता येत नाही. काचेवरची चमक टाळायला फोनच्या कॅमेऱ्याचे भिंग काचेजवळ, पण न टेकवता, थोडे तिरपे धरावे. गडद कपड्यातल्या मुलाने मागे उभे राहिले तरी चमक कमी होते. टॉर्च लावू नये. शिक्षकाने ही पद्धत शाळेत काचेच्या कपाटापुढे एकदा करून घ्यावी.

सहलीच्या दिवशी १५-१५ मुलांच्या तीन तुकड्या वेगवेगळ्या दालनांपासून सुरू कराव्यात. प्रत्येक वस्तूपुढे पहिली दोन मिनिटे फोन खिशात, वही बाहेर. मस्तानी महालाच्या पुनर्रचित दालनात फोन अजिबात काढू नये. तिथे छतापासून जमिनीपर्यंत नजर फिरवून रेखाटन करायला सांगावे. फोन धरणारा, लिहिणारा आणि वेळ पाहणारा ही कामे दर दालनात बदलावीत, नाहीतर दिवसभर एकाच मुलाच्या हातात फोन राहतो.

परतल्यावर फोटो केबलने किंवा जवळच्या जवळ पाठवण्याच्या सोयीने उतरवून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायचेच असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर पाटीवरची बारीक अक्षरे पुसट होतात. मुलांचे चेहरे असलेले फोटो वेगळे काढून संमतीशिवाय कुठल्याही गटावर टाकू नयेत. सगळे फोटो उतरल्याची खात्री झाली की गेस्ट वापरकर्ता काढून टाका आणि फोन, केबल, इयरफोन यादीवर खूण करून पालकांच्या हाती द्या.