रुमालाखालची पिरत: देण्याघेण्याच्या प्रेमाचं गाणं कसं बांधायचं

मी विट्याचा, गलाईवाल्याच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्याच्या घरातला. आमच्याकडं सोन्यावर कविता होत नाही, वजन होतं. म्हणून सांगतो, असल्या प्रेमाचं गाणं लिहायला बसलात तर ‘बेवफा’, ‘दगा’, ‘पैशापायी’ हे शब्द आधी बाजूला काढा. कागदाच्या डाव्या बाजूला काय दिलं ते लिहा, उजव्या बाजूला काय मिळालं ते. यात्रेतली 120 रुपयांची कानातली, दोन वेळचं पेट्रोल, मोबाइलचा रिचार्ज. समोर एक फोटो, तोही गाडीवर बसून काढलेला. निम्मं गाणं त्या कागदावरच असतं.

मग एकच चित्र धरा. मला ते सांगली जिल्ह्यातल्या खरसुंडीच्या पौषी यात्रेत मिळालं. तिथं खिलार जनावरांचा बाजार भरतो. जुन्या रिवाजाचा सौदा तोंडानं होत नाही. हातावर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून किंमत सांगायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय जिव्हाळ्यानं हात धरलाय!

रुमालाखाली हात धरला, बोटं मोजून दिली
म्हणलं मनात पिरती जडली, तिनं बोली केली

आता ठेका. केरवा हा ताल 8 मात्रांचा, म्हणजे 8 ठोक्यांचा. ओळीचा पहिला तुकडा 16 मात्रांचा, म्हणजे तालाची दोन आवर्तनं, दोन फेऱ्या. दुसरा 12 चा. उरलेल्या 4 ढोलकीला सोडायच्या, वादकाचाही मान असतो. दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या तुकड्यात 11 च भरतात, ते मुद्दाम आहे. ‘तिनं’ म्हणून गाणारा क्षणभर अडतो, मग ‘बोली’ पडते. मांडीवर टाळी देऊन म्हणून बघा, डोळ्यांनी मोजून कळत नाही.

यमकासाठी पैसा-कैसा नको. फोनचं मॉडेलही नको, पुढच्या यात्रेपर्यंत शिळं होतं.

माझा पहिला खर्डा नुसता गड्याच्या रडगाण्याचा होता. गाणारीनं कागद परत दिला. म्हणाली, “दादा, ह्यात गडी लई भोळा दिसतोय. मग त्यो बाजारात काय करत हुता?” रात्रभर डोकं धरून बसलो. बैल घेताना आपण काय काय बघतो ते आठवलं, आणि पहाटे गाण्यातल्या बाईचं कडवं झालं:

दात मोजले, चाल पाहिली, पाठ थोपटुन झाली
पिरत कसली म्हणतोस राजा, पारख तूबी केली

हे कडवं आल्याशिवाय गाणं उभं राहत नाही. आणि ते बाईनंच म्हणावं. गड्यानं आवाज बारीक करून म्हटलं की पब्लिक हसतं, मुद्दा पडतो.

शेवटच्या कडव्यात कुणाला रडवू नका. रुमाल झटकायचा, खांद्यावर टाकायचा, पुढच्या दावणीकडं निघायचं. ढोलकीवाल्यालाही आधी सांगून ठेवा, तोडा, म्हणजे शेवटचा जोरकस तुकडा, देऊन थांबू नको, ठेका तसाच बारीक करत ने.