कर्फ्यूत एआरटी सुटू नये म्हणून या चुका टाळा

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या रोजच्या औषधाच्या, बाटलीत गोळ्या किती उरल्यात हे कर्फ्यू लागल्यावर मोजायचं नसतं. ते आधीच माहीत असायला हवं. तरी दर वेळी तेच होतं. शहर पेटतं, एआरटी सेंटरचा रस्ता बंद होतो आणि लोक घरात बसून चुकीचे हिशेब मांडतात.

त्यातली सगळ्यात शहाणपणाच्या थाटात केली जाणारी चूक म्हणजे गोळ्या पुरवून खाणं. तांदूळ कमी असला की आपण घास कमी करतो, तोच न्याय लोक टीएलडीला, म्हणजे एआरटीची तीन औषधं एकत्र असलेल्या गोळीला, लावतात. बारा गोळ्या उरल्या की एक दिवसाआड एक घ्यायची. कुणी तर सुरीने गोळीचे दोन तुकडे करतं. टीएलडीच्या एका गोळीत टेनोफोविर ३०० मिग्रॅ, लॅमिव्हुडिन ३०० मिग्रॅ आणि डोल्यूटेग्राविर ५० मिग्रॅ असतं, आणि ही मात्रा चोवीस तासांसाठी बेतलेली आहे. अर्ध्या गोळीनेही औषध रक्तात राहतं, पण विषाणूला दाबून धरण्याइतकं नाही. असा अर्धवट धाक असला की विषाणू वाढतोही आणि औषधाला सरावतोही. लॅमिव्हुडिनला दाद न देण्यासाठी त्याला एकच जनुकीय बदल पुरतो.

म्हणून बारा गोळ्या असतील तर बारा दिवस रोज एक, ठरल्या वेळी, पूर्ण. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, आधीपासून दबलेला असेल, तर शेवटच्या गोळीनंतर विषाणू पुन्हा वर यायला बहुतेकांत दोन ते चार आठवडे लागतात. हा वेळ गोळ्या मिळवण्याच्या धावपळीसाठी आहे, निवांत बसण्यासाठी नाही. सोबत हिपॅटायटिस बी असेल तर तेवढीही सवलत धरू नका. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन थांबलं की तो आजार उसळून यकृतावर येतो. अशा माणसाला गोळ्या सगळ्यांत आधी मिळायला हव्यात.

शेजाऱ्याच्या, भावाच्या, अगदी नवऱ्याच्या बाटलीतलीही गोळी घेऊ नका. दोघांचं औषध एकच आहे हे बहुतेक वेळा नुसतं गृहीत धरलेलं असतं.

दुसरी चूक म्हणजे ‘ग्रीन बुकचा फोटो आहे ना फोनमध्ये’. ग्रीन बुक म्हणजे एआरटी सेंटरकडून पेशंटला मिळणारी उपचारांच्या नोंदींची वही. मणिपूर आठवा. ३ मे २०२३ ला तिथे हिंसाचार सुरू झाला आणि मोबाइल इंटरनेट महिनोन्‌महिने बंद राहिलं. साठ हजारांहून जास्त माणसं विस्थापित झाली. चुराचांदपूरहून इंफाळ साठेक किलोमीटर, पण कोण कुठल्या समाजाचा यावर तो रस्ता बंद झाला. चुराचांदपूरकडे बराच माल मग मिझोराममधून, ऐजॉलच्या लांब डोंगरी वाटेने येऊ लागला. हे सगळं घडलं ते प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण देशात सर्वाधिक असलेल्या राज्यांपैकी एकात. अशा वेळी चार्ज संपलेला फोन काय कामाचा? आणि अनोळखी सेंटरवर ‘ती पांढरी, लांबट गोळी’ एवढंच सांगून भागत नाही.

उपाय कागदाचा आहे. ग्रीन बुकची एक झेरॉक्स आणि एक हाताने लिहिलेली चिठ्ठी: नोंदणी क्रमांक, सेंटरचं नाव, गोळीचं पूर्ण नाव आणि मात्रा, सुरू केल्याची तारीख, शेवटचा व्हायरल लोड तारखेसकट, टीबीचं औषध चालू असेल तर तेही. वर ‘एचआयव्ही’ असं लिहायची काहीच गरज नाही, ‘टीएलडी’ वाचून कळायचं त्याला कळतं. चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत, आधार कार्डाच्या मागे. १०९७ हा नाकोचा (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा) टोल-फ्री नंबरही त्याच कागदावर लिहा. त्याला इंटरनेट लागत नाही.

छावणीत कुणी बघेल या भीतीने लोक बाटलीचं लेबल खरवडून टाकतात. भीती खरी आहे, उपाय चुकीचा. लेबल राहू द्या आणि बाटली मोज्यात घाला. खडखडाट होऊ नये म्हणून तोंडाशी कापसाचा स्वच्छ, कोरडा बोळा ठेवा. आतली ओल शोषणारी पुडी मात्र फेकू नका.

टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोल्यूटेग्राविर दिवसातून दोनदा लागतं, टीएलडीशिवाय बारा तासांनी ५० मिग्रॅची आणखी एक गोळी. पळापळीत नेमकी ही जादाची बाटली घरी राहते. ॲसिडिटीचं पातळ औषध टीएलडीसोबत घेऊ नका. टीएलडी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. बाळाला आईकडून एचआयव्ही लागू नये म्हणून नेव्हिरापिनचं सिरप चालू असेल तर किती मिली आणि किती वाजता हे आईखेरीज घरातल्या आणखी एकाला पाठ हवं.

दंगलीत बलात्कार झाला असेल तर पीईपी, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळण्यासाठीचं औषध, ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि पुढे २८ दिवस. पोलिसांचे कागद होईपर्यंत थांबू नका.

साठ्याचं सांगायचं तर निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या कायम हाताशी शिल्लक असाव्यात. नवी बाटली मिळाली की ती मागे आणि जुनी वापरात. शेवटच्या गोळीच्या दिवशी सेंटर गाठणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं, पण बंदच्या पहिल्याच दिवशी अडकतात तेच.

नव्या समुपदेशकांनाही दोन शब्द. पेशंट येईल म्हणून खुर्चीत वाट बघू नका. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर केनियात हिंसाचार उसळला, तेव्हा एल्डोरेटच्या एचआयव्ही कार्यक्रमाने रेडिओवरून निरोप दिले, हॉटलाइन चालवली, छावण्या गाठल्या. आणि गोळ्या चुकल्या म्हणून आलेल्या माणसावर ओरडू नका. पुढच्या वेळी तो खोटा आकडा सांगेल आणि तुम्ही त्यावर औषध ठरवाल.

खंड पडलाच तर लाजून दोन महिने घरी बसणं ही शेवटची चूक. जवळच्या कुठल्याही एआरटी सेंटरवर जा आणि किती दिवस सुटले ते खरं सांगा. आधी सीडी४चा (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा) रिपोर्ट येऊ दे, मग सुरू करू, असं करत बसू नका. मात्र ताप, खोकला किंवा न थांबणारी डोकेदुखी असेल तर गोळी परत सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा, कारण टीबी किंवा मेंदूच्या आवरणाचा संसर्ग असेल तर आधी त्याचं औषध सुरू करावं लागतं.