ॲपमध्ये आईची साखर चुकत होती, ती अशी सापडली

आईला बारा वर्षांपासून मधुमेह. ग्लुकोमीटर ब्लूटूथने मोबाइलला जोडलेला, आकडे ॲपमध्ये आपोआप जातात. गेल्या महिन्यात ॲप तिची उपाशीपोटीची साखर 190, 205 दाखवायला लागलं. आई घाबरली, रात्रीची भाकरी अर्ध्यावर आणली. एका पहाटे तिला दरदरून घाम सुटला. मोजलं तर 66! लगेच साखरपाणी दिलं. तेव्हापासून ॲपवरचे आकडे मला पटेनात.

शेवटी मीटरचीच मेमरी उघडली. सेल बदलल्यावर त्यातलं घड्याळ सात तास मागे पडलं होतं. दुपारी तीनचं, जेवणानंतरचं रीडिंग ॲप सकाळी आठचं म्हणून धरत होतं. मीटरची तारीख-वेळ लावली, चुकीच्या नोंदी काढल्या, आणि आता प्रत्येक रीडिंगला ‘उपाशीपोटी’ की ‘जेवणानंतर’ ही खूण मी स्वतः करतो. खरी उपाशीपोटीची साखर 110 ते 125 निघाली. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हेही डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं. आम्ही हात धुतल्यापासून मोजत होतो.

गोळ्या त्यांनी आहेत तशाच ठेवल्या. आई पुन्हा पूर्ण भाकरी खाते, पहाटेचा घाम थांबलाय.