श्याम मळ्यात लपला नव्हता

वर्गात पहिल्यांदाच अख्खं पुस्तक वाचायला घेणार असाल, तर माझं कुठे चुकलं ते आधी ऐका.

जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, चौथीचा वर्ग, २८ मुलं आणि 'श्यामची आई'. साने गुरुजी इथल्याच अमळनेरला शिक्षक होते, म्हणून पुस्तक आपल्याच घरचं वाटलं. पण त्यातलं घर, विहीर, अंगण सगळं कोकणातलं आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

मी पाळीने वाचन घेतलं. एकाने उठायचं, परिच्छेद वाचायचा, बसायचं. महिनाभर वर्ग इतका सुरळीत चालला की मला समाधान वाटायचं. पोहण्याच्या प्रकरणात भीतीने श्याम माळ्यावर जाऊन लपतो. ते एका मुलाने खणखणीत वाचलं. मी सहज विचारलं, "कुठे लपला रे तो?" तो म्हणाला, "मळ्यात, केळीत." सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. आमच्याकडची जुनी घरं धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची, त्यांना माळा नाहीच. लपायचं तर पोरं केळीच्या बागेतच जाणार. तो चुकला नव्हता, त्याने स्वतःपुरता अर्थ लावला होता. चुकले मी. महिनाभर मी त्यांचा आवाज ऐकत होते, गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचतेय का हे पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकाशी उभी राहिले, तेव्हा खरा प्रकार दिसला. मुलं बोटाने परिच्छेद मोजत होती. आपला सातवा आला की तोच मनात घोकायचा. पाळी येईपर्यंत धाकधूक, पाळी झाली की सुटका. पुढचं-मागचं कोणीच ऐकत नव्हतं. २८ मुलांनी गोष्टीचे २८ तुकडे वाचले, गोष्ट कोणीच वाचली नाही. जो अडखळत वाचतो त्याची तर रोज सगळ्यांसमोर परीक्षा. पाळीने वाचन घेऊच नका. साहेब तपासणीला आले की ते छान दिसतं, हे खरं आहे. तरीही नको. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या कार्यक्रमात तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द म्हटलंय, पण अर्थासह. मी घड्याळ लावलं आणि 'अर्थासह' हा शब्द सोडून दिला.

आता आधी मी दोन पानं वाचून दाखवते आणि मधेच थांबते. मग जोडीजोडीने हळू आवाजात वाचन. मग पुस्तक मिटून आपल्या बोलीत सांगायचं, अहिराणी असो की पावरी. एका ज्येष्ठ गुरुजींनी मला बजावलं होतं, वर्गात प्रमाण भाषाच हवी. त्यांचा मान ठेवून सांगते, हे मला पटत नाही. "मायनी त्याले कसाले मारं?" (आईने श्यामला कशाला मारलं?) हा प्रश्न अहिराणीतच आला आणि त्यावर अख्खा तास गेला. दोन मुली रडल्या. पुस्तकी मराठीची सक्ती असती तर तो प्रश्न उठलाच नसता.

मोबाइलवर सारांश दाखवायचा मोह होईल. तो टाळा. शेवट कळला की पोरं पान उलटत नाहीत.

दिवाळीनंतर पट गळेल. कोणी कापूस वेचायला, कोणी आईबापांसोबत ऊसतोडीला. घाबरू नका, तो दोष तुमचा नाही. परतलेल्या मुलाला मागची प्रकरणं एकट्याने वाचायला बसवू नका. त्याच्या बाकावरच्या सोबत्यानेच त्याला गोष्ट सांगू दे. तुम्ही फक्त कान द्या, सोबत्याला किती कळलंय तेही तिथेच उमगतं.

मार्चपर्यंत पुस्तक संपलं नाही तरी चालेल. दुसऱ्या वर्षी माझं अर्ध्यावरच राहिलं. सुट्टीत घरी न्यायला सात जणांनी मागितलं आणि प्रती होत्या चार. तिघांना नाही म्हणताना जीव तुटला. प्रतींची सोय जूनमध्येच करून ठेवा.